चौकाच्या तीस मीटर अलीकडे

दर गुरुवारी चार वाजता जयंती माहुलकर तून स्मुल्डर्स या डच म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची आणि मग त्यांना टीव्ही वाचून दाखवायची. थेंब रोजचे होते, त्यांची नोंद कामाच्या टॅबवर व्हायची. टीव्हीची नोंद कुठेच नव्हती.

वाचून दाखवायची म्हणजे खरोखर वाचूनच. हॉलंडात परक्या भाषेतल्या कार्यक्रमांवर डच आवाज चढवत नाहीत. माणसं आपापल्या भाषेत बोलत राहतात आणि खाली डच ओळी पळत असतात. सगळा देश लहानपणापासून टीव्ही वाचतच मोठा होतो. तून एकोणऐंशी वर्षांचे. इंग्रजी शिकायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही, कारण ओळी होत्या. मग काचबिंदूने नजर कडेकडेने खात आणली. मधे एक धुरकट भोक तेवढं उरलं, आणि त्या भोकात ओळ मावत नव्हती. त्यांची बायको, रीत, होती तोवर ती वाचायची. तीन वर्षांपूर्वी तीही गेली, आणि टीव्ही म्हणजे खोलीत चालू असलेली परक्यांची बडबड झाली.

जयंतीला ते मे महिन्यातल्या एका गुरुवारी कळलं. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. तून बसले होते. जयंती टॅबवर नोंद करत होती. समोर इंग्रजांचा तो मोटारींचा कार्यक्रम लागला होता, वर्षानुवर्षं चालत आलेला, त्या तिघा पुरुषांचा आणि पुष्कळशा धुराचा. शेजाऱ्याने जुन्या सामानाच्या दुकानातून एका आख्ख्या सीझनचा डबा आणून दिला होता, दहा भागांचा.

"काय म्हणतायत ते?" तूननी डोळे न उघडता विचारलं.

"कोण?"

"ते तिघं. इंजिनं मला कळतात, यायंती. माणसं कळत नाहीत."

डच माणूस 'ज'चा 'य' करतो, त्यामुळे ती सगळ्यांचीच यायंती होती. तिने घड्याळ पाहिलं. तून हे तिच्या फेरीतलं शेवटचं घर, पुढे कुणी वाट पाहत नव्हतं. ती खुर्चीच्या हातावर टेकली आणि खालची ओळ वाचली.

"तो म्हणतो, ही गाडी चालवणं म्हणजे ओल्या सतरंजीवर बसून डोंगर उतरणं."

तून हसले. "आणि दुसरा?"

"दुसरा म्हणतो, निदान सतरंजीला ब्रेक नसल्याचं आधी माहीत असतं."

त्या दिवशी ती पाऊण तास वाचत राहिली. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की खालच्या ओळी कंजूष आहेत. वर माणूस तोंड भरून बोलायचा आणि खाली चार शब्द यायचे. तिला इंग्रजी येत होतं, त्यामुळे राहिलेलं ती आपल्या पदरचं घालू लागली.

"रीत एवढं लांब नाही वाचायची," तून म्हणाले.

"खाली कमी लिहिलंय. तो बोलला जास्त."

"मग जास्तच सांग. माझं काय जातंय."

असे गुरुवार सुरू झाले.

जयंती मूळची कराडची. तिथे ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, स्कूटरवरून जायची, दुपारी डब्यातली पोळी सूक्ष्मदर्शकाशेजारी बसून खायची. अकरा वर्षांपूर्वी नवरा, राजन, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामासाठी आइंडहोव्हनला आला आणि ती त्याच्यामागून डिपेंडंट व्हिसावर आली. शहराला लागून असलेल्या फेल्डहोव्हनमध्ये त्यांनी घर घेतलं. पहिली काही वर्षं ती राजनची बायको होती, मग शाळेच्या दारात मृण्मयीची आई झाली, आणि गणपतीत मंडळाला दोनशे मोदक लागले की मोदकवाल्या माहुलकर वहिनी. कुणी वाईट वागलं असं नाही. पण संध्याकाळी कुणी "आज काय केलंस?" असं विचारलं की तिला उत्तर शोधायला लागायचं, आणि शोधलेलं उत्तर तिला स्वतःलाच खोटं वाटायचं.

मग तिने डच शिकून वृद्धांच्या घरी जाऊन सेवा करण्याचा कोर्स केला. संस्थेचं निळं जाकीट अंगावर आलं. सायकलवरून दिवसाला बारा घरं. कुणाचे मोजे चढवायचे, कुणाची इन्सुलिनची सुई, कुणाला नुसतं "उठा आता" म्हणायचं. राजन म्हणाला होता, "कराडला माझ्या आईचे पाय चेपायचा कंटाळा, आणि इथे परक्या म्हाताऱ्यांचे मोजे!" ती म्हणाली होती, "सासूबाई तासाचा अहवाल मागत नव्हत्या. इथे मागतात. मला लिहायला आवडतो."

त्या निळ्या जाकिटावर आता टांगती तलवार होती. तिचा तिसरा तात्पुरता करार ऑगस्टअखेर संपत होता. तिसऱ्यानंतर चौथा तात्पुरता देता येत नाही, असा कायदा. एक तर कायम करायचं, नाही तर निरोप. आणि कायमची जागा एकच होती, क्नेग्सेल, फेसम, विंटलरे या गावांची फेरी. ती सायकलने होत नाही, मोटार लागते.

"ऑगस्ट संपायच्या आत लायसन्स दाखव, जागा तुझी," वरिष्ठ मारलूस तिला म्हणाली होती. "नाही तर माझे हात बांधलेले आहेत. मला खरंच वाईट वाटेल." तिला खरंच वाईट वाटलं असतं, हे जयंतीला माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

राजनचं भारतातलं लायसन्स इथे नुसतं बदलून मिळालं होतं. जयंतीचं होतं ते फक्त स्कूटरचं. म्हणून तिला सगळं पहिल्यापासून. लेखी परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली. गाडीवरच्या परीक्षेत दोनदा नापास.

पहिल्यांदा वळताना खांद्यावरून मागे पाहायला विसरली. ते समजण्यासारखं होतं. दुसऱ्या वेळचं तिला स्वतःलाच समजलं नव्हतं. चौक होता, पाटी नव्हती, सिग्नल नव्हता. अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि डावीकडच्याने आपल्याला जाऊ द्यायचं. डावीकडून पांढरी व्हॅन आली. जयंती थांबली. व्हॅनही थांबली, कारण थांबायचं व्हॅननेच होतं. दोघं एकमेकांकडे बघत बसले. जयंतीने हसून हात केला, व्हा पुढे. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. ज्या देशात वर्षाकाठी चार हॉर्न ऐकू येतात तिथला तो एक.

परीक्षक शांतपणे म्हणाले होते, "बाई, तो रस्ता तुमचा होता. तुम्ही तो घेतला नाहीत. आपला रस्ता घेत नाही त्याचा कुणाला अंदाज येत नाही, आणि अंदाज येत नाही तो माणूस धोक्याचा."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," राजन घरी म्हणाला. "अगं, सत्यनारायणाला आलेत का लोक? या, बसा, आधी तुम्ही!"

मृण्मयी सतरा वर्षांची. ती महिन्यापूर्वी पहिल्याच वेळी पास झाली होती. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमधून किंवा इंग्रजीतून. "आई, खेवोन राइडन," ती म्हणाली, म्हणजे नुसती चालव. "यू थिंक टू मच."

"तुझ्या वयात मी विचार केला असता तर तुझ्या बाबांशी लग्न केलं नसतं," जयंती म्हणाली आणि भांडी घासायला उठली. पाण्याचा आवाज मोठा ठेवला. भांडी यंत्रातही टाकता आली असती.

दुसऱ्या भागाच्या गुरुवारी तिचं वाचन अडखळत होतं. तूनना ते लगेच कळलं. नजर गेल्यापासून त्यांचा कान तिखट झाला होता. खरं म्हणजे तो आधीपासूनच तसा होता. सोळाव्या वर्षी ते आइंडहोव्हनच्या मोटार कारखान्यात लागले. तिथे तेव्हा एक छोटी गाडी बनायची, गियरऐवजी पट्ट्यावर चालणारी, पुढे जेवढ्या वेगाने जाई तेवढ्याच वेगाने मागे जाणारी. तूनचं काम म्हणजे नवी गाडी बाहेर काढायची, गावांच्या रस्त्यांवर पळवायची आणि कान द्यायचा. "बघायला बाकीचे होते," ते सांगायचे. "मी ऐकायला होतो."

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. करार, गावांची फेरी, ऑगस्ट, पांढरी व्हॅन. सांगताना ती हसत होती. आपली फजिती सांगताना हसायचं, ही तिची जुनी सवय.

तून हसले नाहीत. टेबलाच्या कडेवरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाले, "टीव्ही बंद कर. साखरेचं भांडं आण."

टेबलावर त्यांनी हाताने चाचपत चौक मांडला. रस्ते म्हणून चार सुऱ्या, व्हॅन म्हणून साखरेचं भांडं, सायकलवाला म्हणून डोळ्यांच्या थेंबांची बाटली, आणि जयंती म्हणून कॉफीचा चमचा.

"भांडं डावीकडून. कुणाचा रस्ता?"

"माझा."

"बाटली उजवीकडून."

"बाटलीचा."

"बाटलीसमोर रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेत."

"मग बाटली थांबणार. माझा."

त्यांनी वीस वेळा मांडणी बदलली. ती वीस वेळा बरोबर. तून खुर्चीत मागे टेकले.

"नियम तुला माझ्याहून चांगला येतो."

"मग मी का थांबते?"

"टेबलावर नाही थांबत तू. रस्त्यावर थांबतेस. मला रस्त्यावर यावं लागेल."

तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण पुढच्या सोमवारी, तिच्या ड्रायव्हिंगच्या तासाला, तून दाराशी तयार होते, इस्त्रीच्या शर्टात, पांढरी काठी घेऊन, केस पाण्याने बसवून. तिचा गाडीचा शिक्षक इस्माईल आधी कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. "मेनेर, तुम्हाला दिसत नाही ना?" त्याने विचारलं. मेनेर म्हणजे डचमधलं 'साहेब'.

"नाही."

"मग मागे बसून करणार काय?"

"तू तिच्याकडे बघ. मी गाडीकडे बघतो."

इस्माईलने जयंतीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि मागचं दार उघडलं.

तासभर तून एक अक्षर बोलले नाहीत. जयंतीला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे, देवळात कीर्तनाला बसावं तसा. ती तीन ठिकाणी उगाच थांबली. तिन्ही वेळा इस्माईलने सुस्कारा टाकला. घरासमोर गाडी लागल्यावर तून म्हणाले, "ती चौकात थांबत नाही."

"थांबते हो," इस्माईल म्हणाला. "आत्ता तीनदा थांबली."

"चौकात ती काहीच करत नाही. जे करायचं ते तिने आधीच केलेलं असतं. चौक आला की तीस मीटर अलीकडे तिचा पाय उचलला जातो. प्रत्येक चौकाला, कुणी असो वा नसो. इंजिनाचा आवाज खाली बसतो. डावीकडच्याला दिसतं की ही हळू झाली. तो म्हणतो, सोडतेय वाटतं, आणि पुढे येतो. मग तो पुढे आला म्हणून ती थांबते. चौकाने प्रश्न विचारायच्या आत हिने उत्तर देऊन टाकलेलं असतं."

इस्माईलने मान वळवून तूनकडे पाहिलं. "चार महिने मी तिच्या डोळ्यांकडे बघतोय," तो म्हणाला.

जयंती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिला आपला उजवा पाय आठवेना. तो उचलला गेल्याचं तिला एकदाही जाणवलं नव्हतं. तिला आठवली ती कराडची स्कूटर. तिथे चौक दिसला की मूठ सैल करायची, हे कुणी शिकवलं नव्हतं. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळेल, रिक्षा उलटी येईल, म्हैस उभी असेल, शाळेतली पोरं धावत सुटतील. तिथे रस्ता कुणाचाच नव्हता, ज्याची मूठ वेळेवर सैल झाली तो घरी पोचत होता. तेरा वर्षं तिने स्कूटर चालवली, एकदाही पडली नाही. त्या सवयीनेच तिला जिवंत ठेवलं होतं. आता ती सवय तिचं काम घेऊन चालली होती, आणि तिच्यावर रागावता येत नव्हतं.

"मला कळतच नाही पाय उचलल्याचं," ती म्हणाली.

"ऐकू येतं का?"

"नाही."

"मग ऐकायला शीक," तून म्हणाले. "गुरुवारी ये."

त्या कार्यक्रमात दर भागात एक ठरलेला प्रकार असायचा. कुणी पाहुणा यायचा, नट, गवई, खेळाडू, असा कुणी, आणि त्याला एक साधी, स्वस्तातली गाडी देऊन धावपट्टीवरची फेरी मारायला लावायचे. त्याची वेळ फळ्यावर लागायची. तो दीड-दोन मिनिटांचा तुकडा आता त्यांचा अभ्यास झाला.

"डोळे मिट," तून म्हणायचे. "वाचू नकोस काही. पाय उचलला की सांग."

पहिल्या दिवशी तिला नुसता गोंगाट ऐकू आला. तूनचा हात मात्र खुर्चीवर टपटप पडायचा. "आत्ता. आत्ता. हे बघ, परत. भित्रा आहे." मग फळा यायचा आणि ती वेळ वाचून दाखवायची. पाहुणा खरोखरच यादीत खाली असायचा.

"तुम्हाला आधीच कसं कळतं?"

"वळण यायच्या आधी किती लवकर सोडतो ते ऐक. वळणावर सगळेच सोडतात. शहाणा वळणावर सोडतो. भ्यालेला वळणाच्या विचारावर सोडतो."

चौथ्या भागाला तिला एक ऐकू आला. पाचव्याला तीन. सहाव्या भागातल्या पाहुण्या बाईंची फेरी त्यांनी अकरा वेळा ऐकली. दोघं डोळे मिटून शेजारी शेजारी, टीव्हीसमोर, आणि दोघं एकदम ओरडायची, "उचलला!" एकदा शेजारीण काही देण्याघेण्यासाठी दारात आली, तिने ते पाहिलं आणि तशीच परत गेली.

"उद्या गल्लीभर होईल," जयंती म्हणाली.

"होऊ दे. या वयात माझ्याबद्दल कुणी काही बोललं तर मी आभार मानतो."

अशा वेळी ती त्यांच्याकडे पाहायची. रीतचा फोटो खिडकीत होता, त्याच्याशेजारी रोज पाणी घातलेली जिरेनियमची कुंडी. दिसत नसून ते बोटांनी माती चाचपून पाणी घालायचे. स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीला वेगळ्या जाडीचं रबर लावलेलं होतं. या माणसाने आपलं घर बोटांवर आणि कानावर उभं ठेवलं होतं, आणि वर तो तिच्या पायाची काळजी करत होता. ती म्हणायची, "कॉफी करू?" आणि उठायची.

घरी तिने एका रविवारी राजनला सांगितलं, "तू चालव, मी शेजारी बसते." ते मास्ट्रिख्टच्या दिशेने निघाले. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "तू प्रत्येक पुलाआधी पाय उचलतोस."

"मी? काहीतरीच."

"आत्ता उचललास."

मागून मृण्मयी म्हणाली, "ही डिड, बाबा." राजन पुढचे वीस किलोमीटर स्वतःचा पाय ऐकत राहिला आणि एक वळण चुकला.

इस्माईलच्या तासांना आता ती स्वतःचं इंजिन ऐकू लागली. चौक दिसायचा, आवाज बसू लागायचा, आणि ती म्हणायची, "नाही." मोठ्याने, मराठीत. इस्माईलला तेवढा एक मराठी शब्द कायमचा येऊ लागला. थांबायचं तिथे ती थांबत होतीच. फरक एवढाच की आता ती चौकापर्यंत पोचून मग ठरवत होती.

परीक्षा ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी होती. परीक्षक बाई होत्या, पांढरे बारीक कापलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. चौथ्या मिनिटाला तसलाच चौक आला. पाटी नाही, सिग्नल नाही. डावीकडून लाल गाडी, आत तरुण माणूस, बऱ्यापैकी वेगात. तीस मीटर. तिला आपला पाय पहिल्यांदा पायासारखा जाणवला, जड, घामेजलेला, बुटात बसलेला. तिने उजवीकडे पाहिलं, रस्ता रिकामा. इंजिनाचा आवाज होता तसाच राहिला. लाल गाडीचं नाक खाली वाकलं, ती थांबली, अगदी सहज. तरुणाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जयंती चौकातून पार झाली. कुणाचं काही बिघडलं नाही.

पुढच्या चौकात उजवीकडून एक आजोबा सायकलवर आले. ती थांबली, त्यांना जाऊ दिलं. हात केला नाही.

परीक्षा केंद्रावर परत आल्यावर बाईंनी चष्मा काढला. "खूप शांत चालवता," त्या म्हणाल्या. "अभिनंदन."

इस्माईलने तिचा हात एवढ्या जोरात हलवला की तिच्या बांगड्या वाजल्या. तिने राजनला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी बाहेर आला.

"पास?"

"पास."

पलीकडे तो हसला. मग म्हणाला, "पेढे आणतो संध्याकाळी."

"तू नको. मीच गाडी घेऊन अ‍ॅमस्टेलव्हीनला जाते. तिथे आपल्या दुकानांत ताजे मिळतात."

"अगं, आधी खेमेंतेत जाऊन कार्ड तर घे! नाही तर पहिल्याच दिवशी पोलीस पेढे खातील." खेमेंते म्हणजे नगरपालिका, आणि तिथली अपॉइंटमेंट मिळायला पेढे शिळे होतील इतका वेळ लागतो. ती हसली. मग मारलूसला फोन केला. मारलूस किंचाळलीच. "एक सप्टेंबरपासून गावं तुझी! दुपारी एक ते सात. कागद आजच पाठवते."

दुपारी एक ते सात. जयंतीने फोन खिशात ठेवला. केंद्राच्या आवारात उभ्या उभ्या तिने पहिल्यांदा तो हिशेब केला, जो तीन महिन्यांत एकदाही केला नव्हता. चार वाजता ती कुठेतरी फेसममध्ये असणार होती. तूनच्या डोळ्यांतले थेंब दुसरं कुणी घालणार होतं.

चार वाजता तिने बेल वाजवली. तून दाराशीच होते.

"आधी थेंब," ती म्हणाली.

"आधी सांग."

"पास झाले."

त्यांनी हात पुढे केला, तो हवेत थोडा चाचपला, मग तिच्या खांद्यावर पडला. तिथेच दोनदा थोपटला. "छान," ते म्हणाले. "छान, छान." मग खुर्चीत जाऊन बसले आणि मान मागे टाकली. तिने थेंब घातले. डावा, उजवा. त्यांनी डोळे मिटले. तिने टॅब उघडला नाही.

"गावांची वेळ एक ते सात आहे," ती म्हणाली.

"असणारच. तिकडे सगळे दुपारी झोपतात, म्हणून कुणीतरी उठवायला लागतं."

"म्हणजे चार वाजता मी—"

"तुझ्या जागी कोण येणार?"

"एक मुलगी आहे, लोट्टे नावाची. चांगली आहे. हात हलका आहे तिचा." तिने थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं. "मेनेर, मला हे आज सकाळी कळलं. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं."

"माझ्या आलं होतं."

"कधी?"

"साखरेचं भांडं आण म्हणालो ना, त्याच्या आधी. मी आंधळा आहे, यायंती. मठ्ठ नाही."

पाच मिनिटं व्हायची होती. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, आणि एका डोळ्याच्या कडेने औषधाचा थेंब गालावर आला होता. तिने तो कापसाने टिपला. औषधाचाच असेल.

"मी रविवारी येत जाईन," ती म्हणाली. "अजून तीन भाग आहेत."

"ते भाग कुठे पळून जात नाहीत. रविवारी घरी नवरा आहे, पोरगी आहे. जमेल तेव्हा ये, नाही जमलं तर नको. कागद आहे का तुझ्याकडे?"

"कशाला?"

"काढ. त्या रस्त्यांवर मी सहा वर्षं गाड्या ऐकल्यात."

तिने पर्समधून परीक्षेचाच कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"ऊर्ल गाव सोडलंस की दोन्ही बाजूंना मका," तून सांगू लागले. डोळे मिटलेले, बोट खुर्चीच्या हातावर रस्ता काढत चाललेलं. "सप्टेंबरात माणसापेक्षा उंच असतो. उजवीकडचं काही दिसत नाही. काच खाली कर आणि ऐक. लिहिलंस?"

"लिहिलं."

"क्नेग्सेलच्या अलीकडे ओकची झाडं. मुळांनी रस्ता वर आलाय. तिथे पन्नासने गेलीस तर औषधांच्या बाटल्या फुटतील. ऑक्टोबरात बिटाचे ट्रॅक्टर चिखल टाकून जातात, तिथे जोरात ब्रेक मारायचा नाही."

"मेनेर, तुम्ही गेला होतात त्याला साठ वर्षं झाली. रस्ते बदलले असतील."

"मग काय बदललंय ते येऊन सांग," तून म्हणाले. "फेसमला चर्चनंतर डावीकडे वळण आहे. सुरुवातीला सोपं वाटतं, पुढे आवळत जातं. लिही."

बाहेर साडेचार झाले होते. टीव्ही बंद होता. जयंतीने कागद मांडीवर सपाट केला आणि चर्चच्या पुढे एक वाकडी रेघ काढली.

"किती आवळतं?" तिने विचारलं.

त्यांनी तिचं पेन धरलेलं बोट हातात घेतलं आणि कागदावर फिरवून दाखवलं.